जागेला नाव नव्हतं तेव्हा: 'आतोचा' जहाजाच्या शोधाचं दफ्तरी प्रकरण

साष्टी म्हटलं की कुठली साष्टी, हे विचारल्याशिवाय मराठेशाहीचा कागद लागत नाही. १७३९ सालच्या पत्रात 'साष्टी' आली तर ती ठाण्याची असू शकते, चिमाजीअप्पांनी दोन वर्षांपूर्वी घेतलेली. नाहीतर गोव्याची, जिथं त्याच वर्षी व्यंकटराव घोरपडे मडगावाकडून पोर्तुगिजांना रेटत होते. नाव एक, जागा दोन, मध्ये अख्खं कोकण. मोडी शिकताना हा खड्डा पहिल्यांदा कळला तेव्हा वाटलं, हे आपल्याकडचंच दुखणं. पुढं स्पॅनिश खजिन्याच्या ताफ्यांबद्दल वाचायला लागलो आणि फ्लोरिडाच्या समुद्रात ह्याच खड्ड्यात पडलेली माणसं भेटली. त्यांचा खड्डा सुमारे दीडशे किलोमीटर रुंद होता, आणि त्यात रोज बोटीचं इंधन जळत होतं.

प्रकरण 'नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा' ह्या जहाजाचं आहे. ते १६२२ साली बुडालं आणि १९८५ साली त्याचा मुख्य ढीग सापडला. वर काढलं ते पाणबुड्यांनी. पण बुडी कुठं मारायची हे ठरलं स्पेनमधल्या सेव्हिलच्या दफ्तरखान्यात, आणि तेही खजिन्याच्या यादीवरून किंवा वाचलेल्या खलाशांच्या जबान्यांवरून नाही, तर एका हिशेबतपासणीच्या बाडावरून. मला ह्या प्रकरणाचं आकर्षण आहे ते एवढ्यासाठीच.

ताफा आणि त्याचे कागद

अमेरिकेतली चांदी एकट्यादुकट्या जहाजातून स्पेनला जात नसे. १५६० च्या दशकात ताफ्यानं ये-जा करण्याची शिस्त बसली. एक ताफा मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला जाई, दुसरा 'तिएर्रा फिर्मे'चा, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याचा, कार्ताहेना आणि पोर्तोबेलोला. पोतोसीच्या डोंगरातली चांदी उतरून आरिका बंदरात, तिथून जहाजानं काल्याओ, मग पनामा, मग खेचरांच्या पाठीवरून संयोगभूमी ओलांडून पोर्तोबेलो. परतीला सगळ्यांनी हवानात गोळा व्हायचं आणि क्यूबा-फ्लोरिडामधल्या चिंचोळ्या समुद्रातून गल्फ स्ट्रीमचा ओढा धरून उत्तरेला निघायचं. पुढं 'कापिताना', पिछाडीला 'आल्मिरांता', दोन्हींवर जड तोफा. ह्या पहाऱ्याचा खर्च 'आवेरिया' नावाची पट्टी बसवून मालाच्या धन्यांकडूनच काढला जाई. राजाचा पाचवा हिस्सा, 'किंतो', चांदीवर छाप मारतानाच वसूल होई.

कर आला की कागद आलाच. १५०३ साली सेव्हिलमध्ये 'कासा दे कोंत्रातासिओन' नावाची कचेरी निघाली ती अमेरिकेच्या व्यापाराचा हिशेब ठेवण्यासाठी. कोणत्या जहाजावर कुणाची किती चांदी, हे नोंदवहीत उतरवलं जाई आणि वहीच्या जादा प्रती केल्या जात. जहाज बुडालं तरी हिशेब बुडू नये, हा हेतू. प्रत्येक लगडीवर तिचा क्रमांक, कराचा छाप, धन्याची खूण आणि २,४०० च्या मापात मोजलेली शुद्धता कोरलेली असे, आणि वहीत तीच नोंद वजनासकट. आपल्याकडच्या कारकुनालाही हेवा वाटावा अशी ही चिकाटी. साडेतीनशे वर्षांनी तिचा काय उपयोग झाला ते पुढं येईलच.

(१६२२ साली गोव्यावरही स्पेनच्याच चौथ्या फिलिप राजाचं राज्य होतं, कारण १५८० ते १६४० पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती. आणि ह्याच चांदीचे रियाल सुरतेच्या टांकसाळीत वितळून मोगली रुपये होऊन बाहेर पडत. विषय वाटतो तितका परका नाही.)

सप्टेंबर १६२२

तिएर्रा फिर्मेचा ताफा त्या वर्षी रेंगाळला. हवानाला पोचेपर्यंत ऑगस्टची अखेर आली, म्हणजे वादळांचे दिवस. थांबावं तर डच टपलेले. त्यांच्याशी स्पेननं केलेला बारा वर्षांचा तह १६२१ मध्ये संपला होता. आणि युरोपातल्या लढाईसाठी राजाला पैसा हवा होता तो ताबडतोब. ४ सप्टेंबरला २८ जहाजं हवानातून निघाली. दुसऱ्याच दिवशी वादळानं गाठलं.

आतोचा ही आल्मिरांता, २० काशाच्या तोफांची. नोंदवहीप्रमाणे तिच्यावर चांदीच्या १,०३८ लगडी, सोन्याच्या १२५ कांब्या आणि चकत्या, तांब्याच्या ५८२ लाद्या, नाण्यांच्या पेट्या, शिवाय तंबाखूचे ५२५ गठ्ठे आणि निळीच्या ३५० पेट्या. माणसं २६५. सहा तारखेला खडकावर आपटून ती बुडाली. मागच्या डोलकाठीच्या पाण्याबाहेर राहिलेल्या बुंध्याला धरून पाच जण वाचले: तीन खलाशी आणि दोन गुलाम. 'सांता मार्गारिता' जवळच्याच वाळूवर चढून फुटली. तिच्या कप्तानानं, बेर्नार्दिनो दे लुगोनं, आपल्या पूर्वेला आतोचा बुडताना पाहिल्याचं सांगितलं. तिसरं जहाज, 'रोसारिओ', आणखी पश्चिमेला ड्राय टोर्टुगास बेटांवर जाऊन बसलं.

चांदी काढायला गास्पार दे वार्गासला पाठवण्यात आलं. त्याला आतोचा सापडली! साधारण १७ मीटर पाण्यात, झडपा घट्ट बंद. दम धरून खाली जाणाऱ्या माणसांना त्या उघडता येईनात. दोन किरकोळ तोफा काढून तो आधी सोपं काम उरकायला रोसारिओकडे गेला. ५ ऑक्टोबरला दुसरं वादळ आलं आणि आतोचाचं वरचं अंग फुटून वाहून गेलं. परत येऊन वार्गासनं गळ ओढून पाहिले, व्हेनेझुएलाजवळच्या मार्गारिता बेटावरून मोती काढणारे गुलाम पाणबुडे आणवले. काही लागलं नाही. काम कसं चाललंय हे पाहायला ताफ्याचा सरदार, कादेरेइताचा 'मार्केस', म्हणजे तिथला उमराव, स्वतः येऊन जवळच्या बेटावर तळ देऊन राहिला. हा मुक्काम लक्षात ठेवा.

१६२६ मध्ये फ्रान्सिस्को नुन्येस मेलियान ह्या हवानाच्या माणसानं राजाशी करार करून नवा प्रयत्न केला. त्यानं तांब्याची एक घंटा ओतून घेतली, पाणबुड्याला आत श्वास घेता येईल अशी. हुआन बान्योन नावाच्या गुलामाला पहिल्यांदा सांता मार्गारिता दिसली, त्याबद्दल त्याला गुलामगिरीतून मोकळं करण्यात आलं. तिच्यातल्या साडेतीनशे लगडी वर आल्या. आतोचा मात्र मेलियानलाही सापडली नाही.

चुकीच्या समुद्रात

आता एकदम १९६० चं दशक. मेल फिशर हा कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडात आलेला पाणबुड्या. १७१५ साली बुडालेल्या ताफ्याच्या अवशेषांवर हात बसला, तशी त्याला आतोचाची ओढ लागली. जहाज कुठं बुडालं? 'मातेकुंबे बेटांजवळ', असं छापील पुस्तकं सांगत होती, आणि तिच्या बुडण्याचे सगळ्यात जुने कागदही तेच म्हणत होते. फ्लोरिडाच्या नकाशावर मातेकुंबे नावाची दोन बेटं आजही आहेत, मायामीहून दक्षिणेला उतरणाऱ्या बेटांच्या माळेत. फिशरची माणसं तिथं लोहशोधक यंत्र ओढत राहिली. बोटीखाली जुने नांगर, बॉम्बचे तुकडे, पत्रे, सगळं येत होतं. आतोचा येत नव्हती.

दोष फिशरचा नव्हता. इतिहास शिकवताना आपण पहिला नियम सांगतो की घटनेच्या जितका जवळचा कागद, तितका खरा. इथं तो नियम पाळूनच माणसं भलत्या समुद्रात पोचली होती.

युजीन लायन

लायन हे फिशरच्या ओळखीतले, फ्लोरिडा विद्यापीठाचे पीएचडीचे विद्यार्थी. त्यांचा विषय वेगळाच होता: १५६५ साली सेंट ऑगस्टीन वसवणारा पेद्रो मेनेंदेस दे आविलेस. त्यासाठी ते सेव्हिलला कुटुंबासह राहायला गेले. जाता जाता फिशरनं सांगितलं, आतोचाचं काही दिसलं तर बघा.

'आर्चिवो हेनेराल दे इंदियास', म्हणजे इंडीजचा सर्वसाधारण दफ्तरखाना, हा १७८५ साली तिसऱ्या कार्लोसच्या हुकमानं निघाला, व्यापाऱ्यांच्या जुन्या सभागृहात. तिथं कागद 'लेगाहो'मध्ये असतात, म्हणजे फितीनं बांधलेल्या गठ्ठ्यांत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल ज्यांनी सोडले आहेत त्यांना वेगळं समजवायला नको. असे सुमारे ४३,००० गठ्ठे, आठ कोटींच्या घरात पानं. सूची आहे, पण ती गठ्ठ्याची. आत काय दडलंय ते गाठ सोडल्यावर.

आणि लिपी! सतराव्या शतकातल्या स्पॅनिश कारकुनांचं 'प्रोसेसाल' नावाचं वळण म्हणजे सख्खी मोडीच. त्यातलं 'साखळी' म्हणतात ते वळण तर लेखणी न उचलता ओळच्या ओळ ओढत नेतं. शब्द कुठं संपला हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. विरामचिन्हं नाहीत, संक्षेप भरमसाट, व आणि उ एकच. ज्यानं बोरूनं लिहिलेली मोडीची पाच पानं लावली आहेत त्याच्या डोळ्यांसमोर हे पान उभं राहील.

लायन ह्यांनी मोठी युक्ती लढवली असं नाही. पण त्यांनी जहाज बुडाल्याचे कागद चाळून थांबण्याऐवजी पैशाचा माग धरला. मेलियाननं सांता मार्गारितातून चांदी काढली, म्हणजे राजाचा वाटा निघाला, म्हणजे खर्च मंजूर झाला असणार, म्हणजे कुणीतरी कधीतरी तो खर्च तपासला असणार. अशी तपासणी झाली होती. तिच्या कागदांत कामाची जागा लिहिली होती: 'कायोस देल मार्केस'. मार्केसची बेटं.

अशी बेटं आहेत. 'की वेस्ट' ह्या बेटाच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर 'मार्केसास कीज' आजच्या नकाशावर आहेत. मातेकुंबेपासून दीडशेहून जास्त किलोमीटर.

मग १६२२ चे साक्षीदार खोटं बोलले का? नाही. त्यांच्या काळी 'मातेकुंबे' हे सैलपणे सगळ्या माळेचंच नाव होतं, आपण नुसतं 'कोकणात' म्हणावं तसं. त्या पश्चिमेकडच्या बेटांना वेगळं नावच नव्हतं. ते पडलं कादेरेइताचा मार्केस तिथं तळ देऊन राहिला तेव्हा, म्हणजे बुडालेलं जहाज शोधायला आल्यामुळे. घटनेच्या कागदात घटनेच्या जागेचं नाव असणं शक्यच नव्हतं, कारण त्या नावाचा जन्मच त्या घटनेतून झाला. जवळचा कागद खरा होता, पण त्यातला शब्द आजच्या नकाशावर लावला की खोटा ठरत होता. चार वर्षांनंतरचा रुक्ष हिशेब अचूक होता, कारण बोट कुठं पाठवली आणि तिचा खर्च कुणाच्या नावे टाकायचा हे तिथं नेमकं लिहिणं भाग होतं.

बेटं सापडली तरी गाडी लगेच रुळावर आली नाही. बेटांच्या कुठल्या अंगाला, हा प्रश्न होता. कागदाच्या आधीच्या नकलेत 'पूर्वेला' असं लागलं होतं, म्हणून शोध पूर्वेला चालला. मूळ पान पुन्हा पाहिल्यावर ते 'पश्चिमेला' निघालं. स्पॅनिशमध्ये त्या काळी पूर्व म्हणजे 'लेस्ते' आणि पश्चिम म्हणजे 'वेस्ते'. साखळी वळणात फरक काय तो पहिल्या अक्षराच्या गाठीचा. मोडीत एका मात्रेवरून हवालदाराचा जमादार होतो म्हणतात, ती थट्टा आहे. इथं एका अक्षरावरून कित्येक महिन्यांचं इंधन समुद्रात गेलं.

वहीचा दुसरा उपयोग

१९७१ पासून बेटांच्या पश्चिमेला वस्तू लागू लागल्या: नांगर, सोन्याची साखळी, नाणी. आणि लगेच ओरड सुरू झाली, की ह्या वस्तू दुसऱ्याच जहाजाच्या आहेत, किंवा फिशरनंच आणून टाकल्या आहेत. १९७३ मध्ये चांदीच्या तीन लगडी वर आल्या. लायन ह्यांच्याकडे आतोचाच्या नोंदवहीची नक्कल होती. लगडींवरचे क्रमांक, शुद्धता आणि वजन वहीशी ताडून पाहिलं आणि जुळलं. १९७५ च्या जुलैत फिशरचा मुलगा डर्क ह्याला काशाच्या तोफा सापडल्या. त्यांच्यावर कोरलेलं वजनही आतोचाच्या तोफांच्या यादीशी जुळलं. आठवडाभरातच, २० जुलैच्या पहाटे, डर्कची बोट उलटून तो, त्याची बायको एंजल आणि एक पाणबुडा बुडाले.

लगडीचा क्रमांक जुळणं हा ह्या प्रकरणातला सगळ्यात टणक पुरावा. जागेचं नाव फसवू शकतं, साक्षीदार चुकू शकतो. पण १६२२ सालच्या कारकुनानं लिहिलेला आकडा आणि समुद्रातून आलेल्या धातूवरचा आकडा एकच निघाला तर वाद संपतो. तो कारकून चोरीला आळा घालत होता. साडेतीनशे वर्षांनी त्याच्या नोंदीवर जहाजाची ओळख पटेल हे त्याच्या गावीही नसणार.

अर्थात वहीच्या बाहेरही एक जग होतं. आतोचाच्या वहीत पाचू नाहीत. समुद्रातून कोलंबियाचे पाचू हजारोंनी निघाले. म्हणजे राजाचा पाचवा हिस्सा चुकवून कुणीतरी ते चढवले होते. खजिन्याच्या ताफ्यावर काम करणाऱ्यानं वहीतली बेरीज हाच माल असं धरलं तर तो राजाइतकाच फसेल.

कागद जिथं संपतो

ओळख पटल्यावरही बारा वर्षं गेली. तोफा इथं, नाणी तिथं, आणि शेकडो लगडींचा ढीग कुठंच नाही. ह्या प्रश्नाचं उत्तर सेव्हिलमध्ये नव्हतं. दुसऱ्या वादळानं जहाज फोडलं तेव्हा ते पाहायला कुणी नव्हतं, म्हणून कुणी लिहिलंही नाही. १९७३ मध्ये आलेले पुरातत्त्वज्ञ डंकन मॅथ्यूसन ह्यांनी सापडलेल्या वस्तू नकाशावर मांडून तर्क केला. उथळ वाळूत जे मिळतंय ते वाहून आलेलं वरचं अंग आहे, तळ आणि जड माल अलीकडे, आग्नेयेला, हॉक चॅनेलच्या खोल पाण्यात असणार. १९८० मध्ये सांता मार्गारिता सापडली. २० जुलै १९८५ ला, डर्क गेला त्याला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, दुसरा मुलगा केन फिशर ह्याच्या बोटीवरून बिनतारी निरोप आला: नकाशे गुंडाळा. मुख्य ढीग सापडला होता. सुमारे १,००० लगडी, लाखाहून जास्त नाणी.

कोर्टकचेऱ्यांचं पुराण लांब आहे, मी ते थोडक्यात आटपतो. फ्लोरिडा राज्यानं हिस्सा मागितला, केंद्र सरकारनंही दावा लावला, १९८२ मध्ये प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि माल फिशरच्या कंपनीकडे राहिला. पुढं १९८८ मध्ये अमेरिकेत सोडून दिलेल्या जहाजांबद्दलचा कायदा अमलात आला, त्याला ह्या भांडणाची पार्श्वभूमी होती.

मला खटकतं ते दुसरंच. बोटीच्या पंख्याचा झोत वाकड्या नळीतून खाली सोडून वाळू उडवायची आणि खड्ड्यात काय चमकतंय ते पाहायचं, ही ह्या शोधाची मुख्य पद्धत. नळीला ते 'टपालपेटी' म्हणत. झोतानं वाळू उडते तशी कुठली वस्तू कुणाशेजारी पडली होती ही माहितीही उडते. मॅथ्यूसन नोंदी ठेवत गेले, पण पैसा भागधारकांचा होता, आणि भागधारकांना वाटणीत नाणी हवी होती. १९८८ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला. कारकुनांनी लगड न लगड एका वहीत बांधली होती. वर काढल्यावर तोच माल वाटणी आणि लिलावात विखुरला. त्याचा एकत्र अभ्यास करू पाहणाऱ्याला आता आधी पत्ते गोळा करावे लागतात.

जहाजाची मागची बाजू, जिथं प्रतिष्ठित प्रवाशांच्या खोल्या होत्या, ती अजून सापडलेली नाही. सेव्हिलच्या दफ्तरातली कितीतरी पानं आज स्पेन सरकारच्या 'पारेस' ह्या संकेतस्थळावर घरबसल्या, फुकट पाहता येतात. लिपी मात्र तीच, शब्द न तोडणारी. मोडी लावणाऱ्यानं एकदा उघडून पाहायला हरकत नाही.

लायन ज्या कामासाठी सेव्हिलला गेले होते तो मेनेंदेसवरचा प्रबंध त्यांनी १९७३ साली पुरा केला. लगडी वर आल्या त्याच वर्षी.